दुष्काळ, करुणा आणि पुनर्वसन : पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील ख्रिस्ती सेवाकार्याचे ऐतिहासिक अध्ययन (१८९६ ते १९२२)

बीजशब्द : दुष्काळ, ख्रिस्ती सेवाभाव, मुक्ती सदन, स्त्री-पुनर्वसन, धर्मांतर, पंडिता रमाबाई.

१. प्रस्तावना

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. एकोणिसाव्या शतकात हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद राज्यात समाविष्ट होता व हिंगोली येथे हैदराबाद कंटिन्जंटची लष्करी छावणी होती. शेती पूर्णतः पावसावर अवलंबून असल्यामुळे मराठवाड्याच्या इतिहासात दुष्काळ हा वारंवार येणारा पाहुणा ठरला. १८९९-१९०० च्या दुष्काळाने हैदराबाद राज्य, मुंबई इलाखा, वऱ्हाड, मध्य प्रांत, गुजरात व राजपुताना अशा विस्तीर्ण भूप्रदेशास ग्रासले. १८९१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी १५ लाख होती; १९०१ मध्ये ती सुमारे १ कोटी ११ लाखांपर्यंत खाली आली. या घटीमागे दुष्काळ व त्यापाठोपाठ येणारे रोग हे प्रमुख कारण होते.

दुष्काळाचा इतिहास लिहिताना पर्जन्यमान, धान्याचे भाव, सारामाफी व सरकारी मदतकामे यांचा विचार प्राधान्याने केला जातो. मात्र दुष्काळ सरल्यानंतर जे उरतात, त्यांचे काय होते, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहतो. आईबाप गमावलेली मूल, घरातून टाकून दिलेली विधवा, पोटासाठी विकली गेलेली मुलगी यांना पाऊस पडल्यानंतरही परत जाण्यासाठी घर नसते. या प्रश्नाला महाराष्ट्रात जी उत्तरे दिली गेली, त्यांमध्ये पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे उभारलेल्या मुक्ती सदनाचे स्थान महत्त्वाचे आहे. ईश्वराची जी कृपा आपणास लाभली, ती इतरांपर्यंत पोहोचविणे हे ख्रिस्ती व्यक्तीचे कर्तव्य होय, अशी या कार्यामागील रमाबाईंची धारणा होती. ही धारणा आपत्तीनंतरच्या प्रत्यक्ष कामात कशी उतरली आणि त्या कामाने कोणते प्रश्न निर्माण केले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

२. अध्ययनाची उद्दिष्टे

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दुष्काळ-निवारणाच्या विविध पद्धतींचा आढावा घेणे. (२) रमाबाईंचा स्वतःचा दुष्काळाचा अनुभव व त्यांचे पुढील सेवाकार्य यांतील संबंध तपासणे. (३) मुक्ती सदनातील पुनर्वसनाचे स्वरूप स्पष्ट करणे. (४) मदत व धर्मांतर यांच्या संबंधाविषयीच्या आक्षेपांचे परीक्षण करणे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. दुष्काळ-निवारणाची तत्कालीन चौकट

१८७६-७८ च्या दुष्काळात दक्षिण भारत व दख्खनमध्ये लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. या काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडापर्यंत कमी केले आणि त्यावर किरकोळ रोख रक्कम देण्याची व्यवस्था केली. मजूर पूर्ण दिवस खडी फोडत असे. पण मिळालेल्या धान्यावर त्याचे शरीर टिकत नसे. पुणे सार्वजनिक सभेने या धोरणाविरुद्ध आवाज उठविला. पुढे सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि १८८३ पासून दुष्काळ संहिता आकारास आली. या संहितेने मदतकामे, अन्नछत्रे व अनाथगृहे यांचे नियम ठरविले. मरण टाळणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व तिने मान्य केले. तथापि कमीत कमी खर्चात जीव वाचविणे, एवढीच तिची मर्यादा होती. काम करण्याची तयारी ही गरजूपणाची कसोटी मानली गेली. त्यामुळे जे काम करू शकत नव्हते, त्यांच्या वाट्याला केवळ अनाथगृहांची कोंदट जागा आली.

समाजातील विचारवंतांनीही या आव्हानाला प्रतिसाद दिला. १८७७ मध्ये महात्मा जोतीराव फुले व त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला. प्रार्थना समाजाशी संबंधित मंडळींनी पंढरपूर येथील अनाथ बालकांचे काम हाती घेतले. १८९६-९७ मध्ये लोकमान्य टिळक व सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन दुष्काळ संहितेने शेतकऱ्यांना कोणते हक्क दिले आहेत, ते समजावून सांगितले. त्याच काळात प्लेगने पुणे शहरास विळखा घातला. सावित्रीबाई फुले प्लेगग्रस्तांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. यावरून आपत्तीतील करुणा ही कोणा एका धर्माची मिरास नव्हती, हे स्पष्ट होते. त्यामुळे रमाबाईंच्या कार्याचे वेगळेपण शोधताना, त्यांनी केवळ दया दाखविली, एवढे म्हणून थांबता येत नाही. त्या दयेचे स्वरूप कोणते होते व ती किती काळ टिकली, हे पाहावे लागते.

मराठवाड्यातही ख्रिस्ती कार्याची एक परंपरा होती. मूळचे ब्राह्मण असलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने जालना परिसरात काम केले. सालारजंग यांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविले. तेथील बहुसंख्य रहिवासी मांग व महार समाजांतील होते. ज्यांना गावात जागा नाही, त्यांना जागा, शेती व शाळा द्यावी, हा विचार बेथेलमध्ये दिसतो. केडगावचा प्रयोग याच विचाराच्या जवळ जाणारा होता. परंतु त्याची प्रेरणा एका स्त्रीच्या स्वानुभवातून आलेली होती.

४. स्वानुभवाची पार्श्वभूमी

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे विद्वान होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना रोष पत्करावा लागला. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराण सांगून उदरनिर्वाह करीत देशभर फिरू लागले. साठविलेला पैसा दानधर्म व अनुष्ठानांत संपला. १८७४ पासून दक्षिणेत पडलेल्या दुष्काळी परिस्थितीने या कुटुंबाचा आधारच काढून घेतला. प्रथम वडील, थोड्याच आठवड्यांत आई आणि त्यानंतर थोरली बहीण यांचे निधन झाले. त्या वेळी रमाबाईंचे वय सोळा-सतरा वर्षांचे होते. आईला स्मशानात नेण्यासाठी पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिरडीला खांदा दिला. उंची कमी असल्याने त्यांना तो भार डोक्यावर घ्यावा लागला.

पाठीमागे राहिले रमाबाई व थोरले बंधू श्रीनिवास. या दोघांनी पायी हजारो मैलांचा प्रवास केला. रानातील फळे, भिजविलेले मूठभर धान्य यांवर दिवस काढले. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी वाळूत खड्डे खणून, त्यांत अंग पुरून त्यांनी रात्र काढल्याचा प्रसंग रमाबाईंनी स्वतः नोंदविला आहे. भीक मागण्याची त्यांच्या संस्कारांना लाज वाटत होती आणि मजुरी करण्याचे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. विद्वान कुटुंबाला श्लोक पाठ होते. पण पोट भरण्याचे एकही कसब अवगत नव्हते. पुढे केडगाव येथे प्रत्येक मुलीला एखादा तरी हातचा उद्योग शिकविण्याचा जो आग्रह दिसतो, त्याचा उगम या अनुभवात शोधता येतो.

१८७८ मध्ये कलकत्ता येथे पोहोचल्यानंतर रमाबाईंच्या विद्वत्तेचा गौरव झाला व त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये बंधूंचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचा बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. १८८२ मध्ये पतीच्या निधनानंतर त्या लहानग्या मनोरमेसह महाराष्ट्रात आल्या व पुणे येथे आर्य महिला समाजाची स्थापना केली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनी-संघाच्या सहवासात असताना फुलहॅम येथील पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठीचे काम त्यांनी पाहिले. ज्या स्त्रियांना समाज दूर लोटतो, त्यांची इतक्या आपुलकीने सेवा करण्याची प्रेरणा कोठून येते, हा प्रश्न त्यांना पडला. उत्तरादाखल त्यांना येशू ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची बायबलमधील कथा सांगण्यात आली. ज्या स्त्रीशी बोलणे लोकांना निषिद्ध वाटत होते, तिच्याकडे ख्रिस्ताने पाणी मागितले, ही गोष्ट रमाबाईंच्या मनावर खोल ठसली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ख्रिस्ती धर्माकडे त्यांना नेणारे पहिले महत्त्वाचे दर्शन हे सेवेचे होते. तात्त्विक चर्चा त्यानंतर आली.

५. शारदा सदनापासून मुक्ती सदनापर्यंत

अमेरिकेतील समर्थकांच्या मदतीने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदनाची स्थापना झाली व पुढील वर्षी ते पुण्यास आले. उच्चवर्णीय बालविधवांचे शिक्षण हा त्याचा हेतू होता आणि धर्माच्या बाबतीत तटस्थतेचे धोरण जाहीर करण्यात आले होते. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये विवाहबद्ध झालेल्या गोदूबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी होत्या. त्याच वर्षी, रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस काही मुली उपस्थित राहतात, यावरून वाद उसळला. आपल्या खोलीचे दार बंद करून प्रार्थना करण्यास रमाबाईंनी नकार दिला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

अशा स्थितीत १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांत व बुंदेलखंड येथील उपासमारीच्या बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे दिवस आठवले. वास्तविक शारदा सदनासाठी येणारा निधी उच्चवर्णीय विधवांकरिता होता. दुष्काळग्रस्त मुलींसाठी हाती काही नव्हते. तरीही त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या. तेथील अनाथगृहांत व मदतकेंद्रांत त्यांनी जे पाहिले, ते केवळ भुकेपुरते मर्यादित नव्हते. निराधार मुलींना फूस लावून नेणारे दलाल तेथे वावरत होते आणि ज्यांच्यावर रक्षणाची जबाबदारी होती, त्यांच्यापैकी काहींकडूनही त्यांचे शोषण होत होते. दुष्काळात स्त्रीवर ओढवणारे संकट पुरुषाच्या संकटाहून वेगळे असते, हे निरीक्षण रमाबाईंनी त्या काळी स्पष्टपणे मांडले. सरकारी अहवालांच्या आकडेवारीत हे वेगळेपण क्वचितच दिसते.

या मोहिमेतून सुमारे ३०० मुली आणण्यात आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू झाल्याने एवढ्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटर अंतरावर, सोलापूर लोहमार्गालगत केडगाव येथे रमाबाईंनी सदनाच्या उत्पन्नासाठी सुमारे १०० एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. फळबागेसाठी घेतलेल्या या माळावर तंबू व कामचलाऊ निवारे उभे राहिले आणि १८९८ मध्ये मुक्ती सदनाला स्थिर रूप आले. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात व राजपुताना येथे परिस्थिती भीषण झाली. विक्रम संवत १९५६ मधील हा दुष्काळ गुजरातेत ‘छप्पनियो’ या नावाने आजही स्मरणात आहे. या वेळी सदनात शिकून तयार झालेल्या विधवा स्वतः दुष्काळी भागात जाऊन मुलींना घेऊन आल्या. काही वर्षांपूर्वी ज्यांना कोणाचा तरी आधार शोधावा लागला होता, त्याच आता इतरांचा आधार झाल्या. १९०० च्या अखेरीस केडगाव येथील निवासींची संख्या सुमारे १,९०० झाली होती.

या दुष्काळाने रमाबाईंच्या कार्याची सामाजिक व्याप्तीही बदलली. शारदा सदनाची कल्पना उच्चवर्णीय विधवेच्या दुःखाभोवती उभी होती. दुष्काळग्रस्त मुली मात्र शेतकरी, कारागीर, आदिवासी व अस्पृश्य मानल्या गेलेल्या अशा सर्व समाजांतून आल्या. पंक्ती, पाणवठा व स्वयंपाक यांतील भेद पाळणे तेथे शक्य नव्हते आणि ख्रिस्ती श्रद्धेनुसार ते पाळण्याचे कारणही उरले नव्हते. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर ग्रंथ लिहिणाऱ्या रमाबाई दहा-बारा वर्षांनंतर सर्व जातींच्या मुलींच्या आई झाल्या. हा बदल घडवून आणण्यात त्यांच्या श्रद्धेइतकाच दुष्काळाचाही वाटा आहे.

६. पुनर्वसनाचे स्वरूप

उपासमारीने खंगलेल्या माणसाला एकदम पोटभर अन्न देता येत नाही. त्याच्या पचनशक्तीला हळूहळू सवय लावावी लागते. मनाचेही तसेच असते. भुकेने, भीतीने व फसवणुकीने ग्रासलेल्या मुलींना विश्वास वाटू लागण्यास वेळ लागे. त्यातच गुजराती, हिंदी अशा वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या मुली एकत्र आल्या होत्या. एवढा मोठा समुदाय सांभाळण्यासाठी मुलींचे गट करून प्रत्येक गटाची जबाबदारी एका प्रौढ स्त्रीकडे सोपविण्यात आली. या पद्धतीमुळे अनाथगृहाला कुटुंबाचे रूप येण्यास मदत झाली.

सकाळची शाळा व त्याला जोडून हातचे काम अशी दिनचर्या होती. हातमागावर कापड विणणे, शिवणकाम, तेलघाणा, शेती, दुधाची जनावरे, वेताचे काम, धुलाई असे अनेक उद्योग सदनात चालत. एवढ्या माणसांना व शेतीला पाणी पुरविण्यासाठी विहिरी खोदण्यात आल्या. अवर्षणाच्या प्रदेशात सदनाचे अस्तित्वच या विहिरींवर अवलंबून होते. सदनाचा स्वतःचा छापखाना होता. अक्षरजुळणी, छपाई व बांधणी ही पुरुषांची मानली जाणारी कामे मुली करीत. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीतून शिक्षणाची सोय होती व त्या कामात मनोरमाबाईंनी लक्ष घातले होते. काही मुली शिक्षिका, परिचारिका व प्रचारिका झाल्या.

सदनातील विभागांची नावे या कार्यामागील विचार स्पष्ट करतात. शोषणाला बळी पडलेल्या स्त्रियांसाठीच्या विभागास ‘कृपा सदन’, वृद्ध व अपंग स्त्रियांच्या निवासास ‘प्रीती सदन’, तर मुलग्यांच्या विभागास ‘सदानंद सदन’ ही नावे देण्यात आली. मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘कृपा’ या शब्दाचा अर्थ घेणाऱ्याच्या पात्रतेवर अवलंबून नसलेली ईश्वराची देणगी असा होतो. दुष्काळ संहितेची मदत मजुराची काम करण्याची तयारी तपासून मिळत होती. समाजाची सहानुभूती स्त्रीचे चारित्र्य तपासून मिळत होती. कृपा सदनात प्रवेश करणाऱ्या स्त्रीला मात्र या दोन्ही कसोट्या लावल्या जात नव्हत्या. फुलहॅम येथे ऐकलेल्या शोमरोनी स्त्रीच्या कथेचा हा व्यावहारिक अर्थ होय.

सेवा करणाऱ्याने सत्तेपुढे मौन बाळगावे, असेही रमाबाईंनी मानले नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांच्या सुरक्षिततेची काळजी घेतली जात नाही, अशी तक्रार त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती नियतकालिकातून जाहीरपणे केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने ती नाकारली. तथापि तिचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत उमटले. धर्माने राज्यकर्त्यांच्या जवळची समजली जाणारी एक मराठी स्त्री त्याच राज्यकर्त्यांना जाब विचारत होती. ख्रिस्ती असणे म्हणजे सरकारधार्जिणे असणे, हे तत्कालीन समीकरण या घटनेने खोटे ठरविले.

रमाबाईंचे अखेरचे मोठे काम बायबलच्या मराठी भाषांतराचे होते. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये हे भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याची छपाई मुक्ती येथील छापखान्यातच झाली. दुष्काळातून आलेल्या, एके काळी अक्षरओळखही नसलेल्या मुलींची संस्था ग्रंथनिर्मितीपर्यंत पोहोचली, ही पुनर्वसनाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना आहे.

७. मदत व धर्मांतर : आक्षेपांचे परीक्षण

केडगावच्या कार्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप धर्मांतराचा आहे. १८९८ नंतर मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली व तेथील अनेक मुलींनी बाप्तिस्मा घेतला. भुकेल्या व निराधार मुलीपुढे अन्न आणि धर्म एकाच हाताने ठेवले गेले, तर तिच्या निवडीला स्वेच्छा म्हणता येईल काय, असा हा प्रश्न आहे. तो केवळ तत्कालीन सनातन्यांचा प्रश्न म्हणून बाजूला सारता येत नाही. आपत्तीत मदत देणारा व घेणारा यांच्यातील सामर्थ्याची विषमता हे त्याचे मूळ आहे.

या आक्षेपाचा विचार करताना तीन बाबी ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिली बाब अशी की, या मुलींपुढे त्या वेळी कोणते पर्याय उपलब्ध होते. हिंदू समाजसुधारकांच्या संस्था होत्या. परंतु त्यांची संख्या व क्षमता मर्यादित होती. महर्षी कर्वे यांची संस्था १८९६ मध्ये नुकतीच सुरू झाली होती आणि तिचे क्षेत्र उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणाचे होते. सर्व जातींच्या शेकडो मुलींना एकाच वेळी सामावून घेणारी जागा दुर्मिळ होती. दुसरी बाब अशी की, रमाबाईंनी आपला धर्म लपविला नाही. १८९३ च्या वादात त्यांनी दार उघडे ठेवले आणि १८९८ नंतर संस्थेचे स्वरूपही उघड ठेवले. त्यामुळे फसवणुकीचा आरोप टिकत नाही. तिसरी बाब मात्र रमाबाईंच्या बाजूची नाही. अल्पवयीन मुलीला जे घर, भाषा व माणसे मिळाली, ती सर्व एकाच श्रद्धेच्या वातावरणातील होती. तिला दुसरा मार्ग पाहण्याची संधी कितपत मिळाली, हा प्रश्न शिल्लक राहतो. शिवाय मुक्तीविषयीचे बहुतांश लेखन रमाबाईंचे, त्यांच्या सहकाऱ्यांचे किंवा मिशनशी संबंधित व्यक्तींचे आहे. ज्या मुलींसाठी हे कार्य झाले, त्यांचा स्वतंत्र आवाज त्यात क्वचितच ऐकू येतो.

उमा चक्रवर्ती व मीरा कोसंबी यांच्यासारख्या अभ्यासकांनी रमाबाईंच्या कार्याची पुनर्मांडणी केल्यानंतर धर्मांतरामुळे महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात त्यांना कसे दुय्यम स्थान मिळाले, यावर प्रकाश पडला. तथापि एका दुर्लक्षाची भरपाई दुसऱ्या गौरवाने करणे, हे इतिहासाचे काम नव्हे. सदनातील दया खरी होती आणि तीत असमानताही होती, या दोन्ही गोष्टी एकत्र मान्य केल्यासच तिचे यथार्थ मूल्यमापन शक्य होते.

८. उत्तरकाळातील अनुबंध

आपत्तीनंतर तात्पुरत्या मदतीवर न थांबण्याचा हा विचार पुढील काळातही महाराष्ट्रात दिसून येतो. मराठवाड्याच्या सीमेवरील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. लगेचच आलेल्या दुष्काळात औषधाआधी अन्न व पाणी यांची गरज आहे, हे ओळखून त्यांनी कामाची दिशा ठरविली. गावातील सर्व जातींच्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. स्विस धर्मगुरू फादर हरमन बाखर यांनी अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) परिसरात पाणलोट विकासाच्या कामास चालना दिली. या दोन्ही उदाहरणांत धर्मांतराचा मुद्दा जवळजवळ अनुपस्थित आहे आणि गावाचा सहभाग ही मुख्य अट आहे. केडगावच्या प्रयोगात जो प्रश्न अनुत्तरित राहिला होता, त्याचे एक उत्तर या कार्यांतून मिळते, असे म्हणता येईल.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) दुष्काळ संहितेने मरण टाळण्याची जबाबदारी शासनावर टाकली; परंतु दुष्काळ संपल्यानंतर उरलेल्या निराधार स्त्रियांच्या व मुलांच्या जीवनाची जबाबदारी तिच्या कक्षेबाहेर राहिली. मुक्ती सदनाने ही पोकळी काही प्रमाणात भरून काढली.

(२) रमाबाईंच्या सेवाभावाचा पाया ख्रिस्ती श्रद्धा हा होताच. परंतु त्या श्रद्धेला स्वतः सोसलेल्या दुष्काळाची जोड होती. दुष्काळग्रस्त मुलीत त्यांनी उपकाराचे पात्र पाहिले नाही. सोळा वर्षांची रमा पाहिली. उद्योगशिक्षणाचा आग्रह व स्त्रीच्या सुरक्षिततेविषयीची जागरूकता यांचे मूळ येथे आहे.

(३) दुष्काळामुळे रमाबाईंचे कार्य उच्चवर्णीय विधवांच्या मर्यादेतून बाहेर पडून सर्व जातींच्या स्त्रियांपर्यंत पोहोचले.

(४) मदत घेणाऱ्याच्या धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न केडगाव येथे पूर्णतः सुटला नाही. आपत्तीतील सेवाकार्याचे मूल्यमापन करताना किती जणांना अन्न मिळाले, याबरोबरच अन्न घेणाऱ्याला नकार देण्याची मोकळीक किती होती, हेही पाहणे आवश्यक ठरते.

(५) सेवा करणाऱ्यांच्या लेखनाइतकेच सेवा घेणाऱ्यांच्या आठवणींना महत्त्व दिल्यास दुष्काळाचा इतिहास अधिक पूर्ण होईल. मराठवाड्यातील गावोगावच्या मौखिक परंपरांत अशा आठवणी अद्यापही सापडण्याची शक्यता आहे आणि त्यांचे संकलन हे स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास विभागांना करता येण्याजोगे काम आहे.

केडगावचा माळ १८९७ मध्ये काही तंबूंनी भरला होता. पाऊस परतला, मदतकामे बंद झाली, आयोगाचे अहवाल छापून झाले; त्या मुली मात्र तेथेच राहिल्या, शिकल्या व त्यांनी पुढच्या मुलींना सांभाळले. आपत्तीनंतरच्या करुणेची कसोटी तिच्या पहिल्या दिवशी लागत नाही, ती पुढील अनेक वर्षांत लागते, हे मुक्ती सदनाच्या इतिहासावरून दिसून येते.